डिस्क भंगारात घालायला सांगण्याआधी विचारायचे तरी!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला घर आवरण्याविषयीचा लेख वाचला. कपडे, भांडी, जुनी औषधे इथपर्यंतचे सल्ले चांगले आहेत, त्याबद्दल लेखिकेचे आभार. पण शेवटच्या रकान्यात त्या लिहितात की सीडी-डीव्हीडी म्हणजे आता निव्वळ कचरा, सगळे मोबाइलवर मिळते, तेव्हा हात आखडू नका, भंगारात देऊन टाका. हे वाक्य तुमच्या वृत्तपत्रात छापून आले याचा मला मनस्वी संताप आला आहे.

त्याचे कारण लगेच सांगते. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी तुमचा लेख सकाळी वाचला आणि दुपारी दारावर भंगारवाला आला तेव्हा टीव्हीखालचा खण रिकामा केला. जुने चार्जर, तुटका रिमोट, कॅसेटी, आणि त्याच पिशवीत मी त्यांना बघायला दिलेला 'भारत एक खोज'चा डीव्हीडी संच. काकांच्या लक्षात आले तेव्हा हातगाडी कुठल्या कुठे गेली होती. संध्याकाळी ते स्वतः वर आले. त्यांना बोलायला शब्द सुचत नव्हते आणि मलाही. त्यांच्यावर माझा राग नाही. वर्षानुवर्षे घरी येणाऱ्या पेपरवर विश्वास ठेवणारा माणूस आहे तो.

आता कोणी म्हणेल, त्यात काय, ती मालिका इंटरनेटवर आहे. आहे, मीही पाहिली आहे. श्याम बेनेगल यांचे हे ५३ भाग १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाले तेव्हा आमच्या घरात त्या वेळेला कोणी बोलायचे नाही. ज्या पुस्तकावरून ती घेतली ते नेहरूंनी लिहिले कुठे, तर इथून काही तासांवरच्या नगरच्या किल्ल्यात, कैदेत असताना. मालिकेची सुरुवात नासदीय सूक्ताने होते, वनराज भाटियांचे संगीत, अंगावर काटा येतो. मोबाइलवर मात्र नसीरुद्दीन शाहांचा शिवाजी समोर उभा असताना मध्येच साबणाची जाहिरात घुसते. माझ्या संचात ती घुसत नव्हती. भाग संपला की पुढचा लागायचा, आणि मी थांबवला तरच थांबायचा. वीज असली की पुरे, नेट लागायचे नाही. पावसाळ्यात आमच्या सिडकोत नेटची काय दशा होते ते तुमच्या वार्ताहरांना ठाऊक आहे.

'सगळे मिळते' हेही खरे नाही. ॲपवरचे चित्रपट तिथे कराराने असतात. करार संपला की चित्रपट जातो, आणि जाताना वर्गणी भरणाऱ्याला कोणी विचारत नाही. पैसे मोजून 'विकत' घेतलेलासुद्धा खऱ्या अर्थाने आपला होत नाही, पाहण्याचा परवाना तेवढा मिळतो. कपाटातली डिस्क रात्रीतून कोणी काढून नेत नाही. अर्थात तुमच्यासारख्या पुरवण्या निघेपर्यंत.

आणि जे मिळते ते कसे मिळते? सासूबाईंना प्रभातचा 'संत तुकाराम' पाहायचा होता म्हणून एकदा ॲपवर लावून दिला. १९३६ चा चित्रपट, त्या काळच्या रीतीने जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी चित्रित केलेला. ॲपवाल्यांनी तो आजच्या रुंद टीव्हीत काठोकाठ बसवण्यासाठी वरून-खालून छाटला होता. रुंदी-उंचीची चारास तीनची चौकट सोळास नऊमध्ये अशी कोंबली की चित्राची पाव उंची जाते. पाव! विष्णुपंत पागनीसांचे कपाळ बाहेर, खाली टाळ बाहेर. शेवटी गरुडाचे विमान तुकोबांना घेऊन वर निघते, तर ते वर जायला वर जागाच शिल्लक नाही. देवाचा फोटो चौकटीत बसेना म्हणून कोणी मुकुट आणि पाय कापतो का? सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी थेटरात पाहिला तेव्हा असा नव्हता." बरोबरच होते त्यांचे. मी आतून डीव्हीडी आणली आणि लावली. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, पण अख्खे तुकोबा दिसले. काळ्या पट्ट्यांना लोक का घाबरतात कोण जाणे! पट्टे आहेत म्हणजे चित्र पूर्ण आहे, एवढे तुमच्या पुरवणीने वाचकांना समजावले असते तर खरी सेवा झाली असती.

डिस्क म्हणजे सगळे सोन्याचे, असेही मी म्हणत नाही. मराठी चित्रपटांवर तर डिस्क काढणाऱ्यांनीच अन्याय केला. डीव्हीडीच्या आधीच्या व्हीसीडीत चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, त्यात ऐन मध्यंतराच्या आधी उठून दुसरी तबकडी घालायची. डीव्हीडी आली तर साडेचार-पावणेपाच जीबीच्या एका तबकडीत तीन-तीन चित्रपट कोंबले, मग माणूस जरा वेगाने चालला की चेहऱ्याचे चौकोन होतात. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, सुरुवातीला पुढे ढकलता न येणाऱ्या जाहिराती आणि खाली अक्षरे नाहीत. सासूबाईंना ऐकू कमी येते, डोळे ठणठणीत आहेत. मराठी चित्रपटाखाली मराठी अक्षरे द्यायला काय जाते? बंगाल्यांचे बघा. लंडनमध्ये १९९३ साली आगीत भाजलेल्या सत्यजित राय यांच्या फिल्म्स एकेक चौकट जोडून पुन्हा उभ्या केल्या आणि २०१५ मध्ये ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीहून स्वच्छ चित्राच्या डिस्कवर, आणल्या. मराठीतला एखादा जुना चित्रपट ब्लू-रेवर शोधायला जा, हाती जवळपास काही लागत नाही. म्हणून आहेत त्या वेड्यावाकड्या डीव्हीडी तरी जपायला हव्यात. काही चित्रपटांची घराघरात उरलेली प्रत तेवढीच आहे.

निदान नाशिकच्या पेपरने तरी हे लिहू नये. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढून ते नाशिकला आले, पुढचे चित्रपट इथे केले आणि १९४४ साली इथेच गेले. त्यांच्या त्या चार रिळांच्या चित्रपटाचे आज काय उरले आहे? पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात पहिले आणि शेवटचे रीळ, आणि तीसुद्धा १९१७ च्या पुनर्चित्रणातली असावीत, असे काही अभ्यासक म्हणतात. त्याच पुण्यात २००३ च्या आगीत जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म्स जळाल्या, त्यात प्रभातचा ठेवाही गेला. प्रती जितक्या जास्त हातांत, तितका चित्रपट टिकण्याचा संभव जास्त. दरवर्षी ३० एप्रिलला, जयंतीला, तुम्ही फाळक्यांचा तोच फोटो पहिल्या पानावर छापता, आणि आतल्या पुरवणीत चित्रपट भंगारात द्यायला सांगता.

लेखिकेला खरेच उपयोगाचे लिहायचे असते तर डिस्क कशी ठेवावी ते लिहिता आले असते. उभी ठेवावी, एकावर एक रचू नये. पुसायची तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. सीडीच्या छापील बाजूला ओरखडा पडू देऊ नये, माहिती त्या बाजूलाच, लेबलाच्या लगेच खाली असते. प्लेअरने डिस्क घेतली नाही म्हणजे डिस्क गेली असे नसते, बरेचदा भिंगावर धूळ असते. एमजी रोडला विचारत गेले तर ते साफ करून देणारा अजून भेटतो.

जाता जाता आणखी एक. तुमच्या शुक्रवारच्या पानावर हिंदी चित्रपटाला अर्धे पान आणि मराठीला खाली चार ओळी, त्याही कधी कधी सोमवारी, म्हणजे चित्रपटाचे खेळ निम्मे झाल्यावर. आम्ही वाचक हे पाहतो. पूर्वी नाशिकरोडपासून पंचवटीपर्यंतच्या थेटरांच्या वेळा पहिल्या पानामागे असायच्या, त्याही बंद केल्यात.

पुढच्या रविवारी त्याच जागी, तितक्याच मोठ्या अक्षरात एवढे छापा की डिस्क भंगारात देऊ नका. नको असतील तर ओळखीत विचारा, वाचनालयात विचारा, घेणारा निघतो. आणि सिडकोच्या बाजूला फिरणाऱ्या एखाद्या भंगारवाल्याच्या पोत्यात 'भारत एक खोज'चा संच कोणाला दिसला, तर तुमच्या कार्यालयात आणून द्यावा, असेही त्याखाली छापा. मी येऊन घेऊन जाईन, त्याचे जे काही पैसे होतील ते देईन.

आपली नियमित वाचक,
सिडको, नाशिक