बिघडलेला भाग परत येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांच्याविषयी लिहिताना मराठी वर्तमानपत्रांनी, आपल्याही, ‘अंतराळात अडकले’ हे शब्द इतक्यांदा छापले की नेमके बिघडले काय, याला बातमीत जागाच उरली नाही. गगनयानाच्या बातम्यांतही तसे होऊ नये, म्हणून हे पत्र.

५ जून २०२४ रोजी या दोघांच्या स्टारलायनर या बोइंगच्या यानाला वर नेणारे अ‍ॅटलास-५ रॉकेट बिनचूक चालले. गडबड झाली ती दुसऱ्या दिवशी, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या जवळ जाताना. या यानाचे दोन भाग आहेत: माणसे बसतात ती कुपी आणि तिच्या मागचे सर्व्हिस मॉड्यूल. मॉड्यूलच्या बाजूंना चार खोकी आहेत. अभियंते त्यांना ‘डॉगहाउस’ म्हणतात. प्रत्येकात दिशा सांभाळणारे सात लहान थ्रस्टर (छोटी इंजिने) आणि कक्षा बदलणारी पाच मोठी इंजिने दाटीवाटीने बसवलेली. थंडीपासून बचाव म्हणून वरून उष्णतारोधक आवरण. जवळ जाताना लहान थ्रस्टर थोड्या थोड्या वेळाने शेकडो वेळा पेटतात आणि शेजारची मोठी इंजिनेही तापतात. ती उष्णता आतच कोंडली. २८ पैकी पाच थ्रस्टर बंद पडले. चार पुन्हा चालू करता आले. हेलियमची गळतीही होती, पण इंधन पुढे ढकलण्यापुरता साठा शिल्लक होता. खरी चिंता थ्रस्टरचीच होती.

न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे तसाच थ्रस्टर जमिनीवर पेटवून पाहिला, तेव्हा ऑक्सिडायझरच्या (इंधन जाळायला लागणाऱ्या रसायनाच्या) झडपेतले टेफ्लॉनचे सील उष्णतेने फुगलेले आढळले. सील फुगले की ऑक्सिडायझरची वाट अरुंद होते आणि जोर घटतो. इथवर ठीक. पण स्थानकाला जोडलेल्या यानाचे थ्रस्टर जुलैत थोडा वेळ पेटवून पाहिले, तर बहुतेकांचा जोर पूर्ववत! फुगलेले सील आपोआप कसे बसले आणि परतीच्या वाटेवर ते पुन्हा फुगणार नाही याची खात्री काय, याचे पटेल असे उत्तर मिळेना. कक्षेतून खाली येण्यासाठी मोठी इंजिने पेटतात तेव्हा यानाची दिशा हेच थ्रस्टर धरून ठेवतात. म्हणून ७ सप्टेंबरला यान रिकामे उतरवले. ते नीट उतरले, पण दोषी थ्रस्टर मात्र सर्व्हिस मॉड्यूलसोबत वातावरणात जळून गेले. ते उघडून तपासण्याची सोय मुळात नव्हतीच.

रशियाच्या सोयुझ एमएस-२२ यानाचेही तेच झाले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या रेडिएटरच्या नळीला एक मिलिमीटरहून लहान भोक पडून शीतक वाहून गेले. तो रेडिएटरही टाकून द्यायच्या भागावरच. फेब्रुवारीत रिकामे एमएस-२३ वर पाठवावे लागले आणि एमएस-२२ मधून गेलेल्या तिघांचा मुक्काम ३७१ दिवसांवर गेला.

स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगन यानाचे थ्रस्टर आणि इंधनाच्या टाक्या कुपीतच असतात, त्यामुळे सगळे परत येते. फुकट मात्र नाही. ही विषारी रसायने माणसांसोबत समुद्रात उतरतात. ऑगस्ट २०२० मध्ये ऑक्सिडायझरची वाफ आढळल्याने दार उघडायला उशीर झाला होता.

आता ‘अडकले’ या शब्दाकडे. रिकामे यान निघाल्यावर संकट आले असते, तर दोघांना आधीच तिथे असलेल्या क्रू-८ ड्रॅगनमध्ये सामानाच्या जागी फोमची तात्पुरती बैठक करून आणायचे ठरले होते. बोइंगचे निळे पोशाख ड्रॅगनला चालत नाहीत. विल्यम्स यांना बसेल असा ड्रॅगनचा पोशाख स्थानकावर होता, विल्मोर यांचा पुढच्या क्रू-९ ड्रॅगनमधून गेला. ते यानही चारऐवजी दोनच प्रवासी घेऊन गेले, दोन जागा यांच्यासाठी मोकळ्या ठेवून. मार्च २०२५ मध्ये दोघे त्यातूनच परतले. बातमी खरे तर या तयारीची होती.

गगनयानाच्या सर्व्हिस मॉड्यूलवर ४४० न्यूटनची पाच इंजिने आणि १०० न्यूटनचे सोळा थ्रस्टर आहेत आणि तेही टाकून द्यायचेच आहे. अंतराळ स्थानकाशी जोडणी पुढची गोष्ट; तिचा पहिला धडा जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्या ‘स्पेडेक्स’ या जोडणीच्या प्रयोगातील सुमारे २२० किलोच्या दोन उपग्रहांनी गिरवला. तोवर इस्रोच्या चाचणीची बातमी देताना ‘यशस्वी’ या शब्दापाशी थांबू नका. थ्रस्टर सलग पेटवले की थांबून थांबून, किती सेकंद, शेजारची इंजिने त्या वेळी चालू होती का आणि झडपेजवळचे तापमान कुठवर गेले, एवढे विचारून छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे