विषय : २२ किलोवॉटच्या ऑनबोर्ड चार्जरचे पैसे घेऊन ११ किलोवॉटचा चार्जर असलेली गाडी दिल्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभागाचे प्रमुख,
कंपनीचे भारतातील मुख्य कार्यालय

महोदय,

आपल्या कंपनीची पहिली विजेवर चालणारी गाडी मी पाच महिन्यांपूर्वी आपल्या पुण्याच्या शोरूममधून घेतली. मागणीपत्रात जादा पर्याय म्हणून २२ किलोवॉटचा ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे गाडीतच बसवलेला बॅटरी भरणारा भाग, नोंदवलेला आहे. त्याची १ लाख ६४ हजार रुपयांची वेगळी रक्कम अंतिम बिलात दाखवलेली आहे आणि ती मी पूर्ण भरलेली आहे. प्रत्यक्षात माझ्या गाडीत ११ किलोवॉटचा चार्जर बसवलेला आहे. या संदर्भात शोरूमला चार वेळा लेखी कळवूनही दाद न मिळाल्याने हे पत्र थेट आपल्याकडे पाठवत आहे.

हा पर्याय मी हौसेखातर घेतला नव्हता. माझी कोल्हापूरला शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्री असून ओतकाम घेणारे माझे बहुतेक ग्राहक चाकणला आहेत. आठवड्यातून दोनदा सकाळी निघून साधारण २६० किलोमीटरवर चाकणला पोचायचे, तीन तास काम करायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे, असा माझा गेल्या कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे. महामार्गाच्या वेगाने आणि खंबाटकीचा घाट धरून एका बाजूच्या प्रवासाला या गाडीला सुमारे ६० युनिट वीज लागते. बॅटरीतली वापरता येण्याजोगी वीज ८५ युनिट धरली, तर चाकणला पोचल्यावर २५ उरतात. तीन तासांत २२ किलोवॉटने भरल्यास बॅटरी जवळजवळ पूर्ण होते आणि मी निर्धास्त परत येऊ शकतो. तेच ११ किलोवॉटने भरल्यास, वाया जाणारी वीज वगळून, आधीच्या २५ धरून हाती जेमतेम ५५ युनिट येतात आणि कोल्हापूर गाठता येत नाही. हा सगळा हिशेब मी गाडी ठरवताना आपल्या विक्री अधिकाऱ्यांसमोर कागदावर मांडला होता आणि त्यांनीच त्यावरून हा पर्याय घ्यायला सुचवले होते. त्यांच्या शब्दावर विसंबून मी कोल्हापूरच्या घरी आणि चाकणच्या गोदामात अशा दोन्ही ठिकाणी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेतला, तांब्याची नवी केबल टाकली, स्वतंत्र अर्थिंग केले आणि २२ किलोवॉटचे चार्जिंग पॉइंट बसवले. त्या खर्चाच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.

शोरूमकडून मला पहिल्यांदा सांगण्यात आले की दोष आमच्याकडच्या विजेच्या दाबात आहे, दुसऱ्यांदा सांगण्यात आले की भिंतीवरचा चार्जर निकृष्ट आहे, आणि तिसऱ्यांदा सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर फरक पडेल असे सांगून गाडी नऊ दिवस ठेवून घेण्यात आली. यातले एकही कारण खरे नाही, हे मी मोजमापाने दाखवू शकतो. एसी म्हणजे आलटत्या प्रवाहाच्या चार्जिंगमध्ये भिंतीवरचा पॉइंट वीज रूपांतरित करत नाही. तो गाडीला आलटता प्रवाह देतो आणि जास्तीत जास्त किती अँपिअर घेता येतील एवढे एका संकेताने कळवतो. प्रत्यक्षात किती घ्यायचे हे गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ठरवतो आणि आलटत्या प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतरही तोच करतो. माझ्या दोन्ही पॉइंटचा संकेत ३२ अँपिअरचा आहे. परवानाधारक वीज कंत्राटदाराने क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारे उपकरण) लावून तिन्ही फेजचा प्रवाह मोजला, तेव्हा गाडी प्रत्येक फेजवर १६ अँपिअरच घेत होती. फेजमागे २३० व्होल्ट धरले तर हा भार ११ किलोवॉटच होतो. दाब तासभर स्थिर होता. त्याच दिवशी, त्याच पॉइंटला एका स्नेह्यांची दुसऱ्या कंपनीची, २२ किलोवॉटचा चार्जर असलेली गाडी जोडली, तर तिने फेजमागे ३२ अँपिअर घेतले. कंत्राटदाराचा सही-शिक्क्याचा अहवाल जोडला आहे. तीन फेजवर बरोबर निम्मा प्रवाह घेणे हा सॉफ्टवेअरचा तात्पुरता बिघाड नसून गाडीत कमी क्षमतेचा भाग बसवल्याची खूण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते चुकीचे असेल तर गाडीत बसवलेल्या चार्जरचा भाग क्रमांक मला लेखी कळवून आपण ते खोडून काढावे. हा क्रमांक मी तीनदा मागितला आहे. तो अजून मिळालेला नाही.

चौथ्या वेळी सेवा व्यवस्थापकांनी असे म्हटले की कंपनीची ही पहिलीच विजेची गाडी आहे, तेव्हा सुरुवातीला अशा अडचणी यायच्याच. हे उत्तर मला सगळ्यांत जास्त लागले. विजेच्या गाडीने ताशी १०० किलोमीटरचा वेग १८९९ मध्येच, कोणत्याही पेट्रोल गाडीच्या आधी ओलांडला होता, आणि तीन फेजवरचे एसी चार्जिंग हे काही आपल्या कंपनीने लावलेले नवे संशोधन नाही. शिवाय ही अडचण तंत्रज्ञानाची नाहीच, मागणीपत्रात एक भाग लिहून दुसरा बसवल्याची आहे. माझ्या फौंड्रीत इंजिनांचे भाग ओतले जातात. ठरलेल्या मिश्रधातूऐवजी दुसरा धातू ओतून पाठवला आणि ग्राहकाने परत केल्यावर त्याच्याच यंत्राला दोष दिला, तर माझा व्यवसाय एक महिनाही टिकणार नाही. आयुष्यभर इंजिनांवर जगलेल्या माणसाने विजेची गाडी घेताना आपल्या कंपनीची निवड केली, ती आपल्या कारखान्यातल्या काटेकोर कामावर असलेल्या विश्वासामुळे. गाडी चालते अप्रतिम, वळणावर तिचा तोल आणि घाटात उतरताना ती वीज परत साठवते ती पद्धत यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हेही मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

माझी मागणी अशी आहे की आपण ३० दिवसांच्या आत माझ्या गाडीत मागणीपत्राप्रमाणे २२ किलोवॉटचा चार्जर स्वखर्चाने बसवून द्यावा आणि त्यामुळे मूळ हमीला बाधा येणार नाही असे लेखी द्यावे. हा भाग नंतर बसवणे शक्य नसेल, तर पर्यायाची रक्कम करासह आणि व्याजासह परत करावी आणि दोन्ही ठिकाणच्या वीजजोडणीवर केलेला जादा खर्चही भरून द्यावा. भाग परदेशातून यायला वेळ लागणार असेल, तर तोपर्यंतची निश्चित तारीख कळवावी; त्या अवधीची अडचण मी सोसायला तयार आहे. मुदतीत लेखी उत्तर न आल्यास, विक्रेत्याने सांगितलेल्या दर्जात उणीव असलेला माल आणि सेवेतील त्रुटी या कारणांवरून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मी तक्रार दाखल करीन. गाडी माझ्या वैयक्तिक नावावर असून तिच्यासाठी दिलेली रक्कम ५० लाखांहून अधिक आणि २ कोटींच्या आत असल्याने ही तक्रार राज्य ग्राहक आयोगापुढे जाईल.

आपल्या तंत्रज्ञाने येऊन माझ्या पॉइंटवर समक्ष मोजणी करावी, अशी माझी विनंती आहे. कोल्हापूरला कोणत्याही सोमवारी किंवा शनिवारी गाडी आणि वीज कंत्राटदार दोघेही उपलब्ध राहतील.

आपला,
गाडीचा नोंदणीकृत मालक

सोबत : मागणीपत्र, अंतिम बिल, वीज कंत्राटदाराचा अहवाल, वीजजोडणीच्या पावत्या आणि शोरूमशी झालेल्या चारही पत्रव्यवहारांच्या प्रती.