निळी वही अजून कपाटात आहे

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बी.ए. झालं की लगेच बँकेच्या परीक्षा देते, बाबा. घराचे हप्ते आहेत ना." आई शेजारी होती म्हणून गप्प बसलो. हप्ते माझ्या पगारातून नीट चाललेत. त्यांच्यापायी तू शिक्षण थांबवू नकोस.

तुझी निळी वही इथे कपाटात आहे. सुट्टीत माझ्याबरोबर लासलगावला कांद्याच्या लिलावात यायचीस तेव्हाची. कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण असे भावाचे तीन रकाने, आणि आवक वेगळ्या शाईने. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली, भाव कोसळले, तेव्हा तू विचारलंस, "शेतकऱ्याचं जे गेलं ते शहरातल्या गिऱ्हाइकाला मिळालं, की मधेच कुठे राहिलं?" इतकी वर्षं बाजार समितीत काढूनही मला उत्तर देता आलं नाही.

पोरी, याच प्रश्नांसाठी अर्थशास्त्रात एम.ए. कर. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट 1930 पासून हेच काम करतेय. दिवसाला 2250 उष्मांक पोटात जायला किती पैसे लागतात, तो हिशेब धरून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये देशातली गरिबी मांडली, ती तिथूनच. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभागही जुना आणि नावाजलेला.

बँकेची नोकरी चांगलीच, पण तिला कुठलीही पदवी चालते. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेला मात्र अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते, आणि वय तिशीपर्यंत चालतं. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातल्या अधिकाऱ्यांनाही एम.ए. हवंच. म्हणजे दोन वर्षं वाया जात नाहीत, उलट बँकेची वाटही मोकळीच राहते.

अडचण गणिताची आहे, हे मला माहीत आहे. चांगल्या ठिकाणच्या प्रवेश परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्र कसून विचारतात, आणि बी.ए.ला ते फारसं होत नाही. पण सगळे नको म्हणत असताना बारावीला तू गणित ठेवलंस. ती पुस्तकं काल माळ्यावरून काढली, आईने पुसून ठेवलीत. रोज तासभर बस. क्लास लावावा लागला तर फी कळव, संकोच करू नकोस.

वही पाठवू, की दिवाळीला आलीस की नेशील?

तुझे,
बाबा