जुन्या गाडीच्या तळाची नोंद सक्तीची करा: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: डीलरने विकलेल्या जुन्या गाडीसोबत तळाच्या पत्र्याचा लेखी अहवाल सक्तीचा करण्याबाबत

महोदय, सा. न. वि. वि.

मी चिपळूणची रहिवासी. जुन्या गाड्यांच्या बाजारातली एक गंभीर गोष्ट आपल्या कानावर घालायची आहे. पैशापुरतीच गोष्ट असती तर ग्राहक आयोगाकडे जाऊन मोकळी झाले असते. पण खालून सडलेली गाडी घाटात उतरते तेव्हा तो आपल्या खात्याचाही विषय होतो आणि समोरून येणाऱ्या माणसाच्या जिवाचाही.

आईला डायलिसिससाठी न्यावं-आणावं लागतं, म्हणून आम्ही दिवाळीनंतर घाटावरच्या एका डीलरकडून जुनी हॅचबॅक घेतली. रंग चकचकीत, सीट कव्हरं नवी कोरी, इंजिनाची कुरकुर नाही. तळाला ताजं काळं अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखण्यासाठी मारतात तो थर, होतं. डीलरने ते मुद्दाम दाखवलं, ‘कोकणात चालवणार ना, म्हणून मारून दिलंय’ असंही सांगितलं. पावसाळा लागला आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं राहू लागलं. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवली. मेकॅनिकने दरवाजाखालच्या पट्टीवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून जरासा दाबला, तर तो काळा थर फोडून मुठीपर्यंत आत गेला. आत पत्रा उरलाच नव्हता. जाळी लावून लांबी (पुट्टी) भरलेली, वरून काळा थर. जॅक लावायच्या जागी बोट फिरवलं तर गंजाचे पापुद्रे हातात आले. कार्पेट उचललं तेव्हा सीटच्या रुळांचे बोल्ट लालभडक झालेले दिसले आणि वायरिंगच्या खाचेत वाळलेला गाळ सापडला. हा गाळ पुराचा, हे चिपळूणकराला सांगावं लागत नाही.

डीलरचं उत्तर ठरलेलं होतं. ‘ताई, जुनी गाडी म्हणजे थोडाफार गंज असणारच.’ शिवाय डिलिव्हरी नोटवर ‘गाडी जशी आहे तशी स्वीकारली’ ही ओळ होतीच.

थोडाफार गंज मलाही मान्य आहे. सायलेन्सरवर असतो, बिजागऱ्यांवर असतो, खाऱ्या वाऱ्यात तर लवकर धरतो. पण आजच्या बहुतेक लहान गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. फ्लोअर, दरवाजाखालच्या पट्ट्या, खांब हे सगळं मिळून जो सांगाडा होतो तोच गाडीचं वजन पेलतो. सस्पेन्शन त्यालाच जोडलेलं असतं, सीटबेल्टचे बोल्टही त्यालाच. तो खाल्ला गेला की धडकेच्या वेळी माणसाला धरून ठेवायला काहीच उरत नाही. आणि सडलेल्या पत्र्यावर काळा थर मारला की ओल आतच कोंडते, गंज आणखी जोरात पसरतो. म्हणजे ज्याला डीलर संरक्षण म्हणून विकतो, तेच गाडीला आतून संपवत असतं.

आता सरकारची नजर या गाडीवर कधी पडते ते पाहू. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. तोवर आरटीओच्या फिटनेसशी तिचा संबंध येत नाही. मधल्या काळात ती हातोहात विकली जाते. नावावर करताना फॉर्म 29 आणि 30 भरतो, चॅसी नंबरची पेन्सिलने छाप घेतो. नंबर जुळला की काम झालं. ज्या पत्र्यावर तो नंबर कोरलाय त्याच्या आजूबाजूची अवस्था काय, हा प्रश्न कोणत्याही कागदावर नाही.

याच डीलरांसाठी केंद्राने नियम केलेले आहेत, हे आपण जाणताच. डिसेंबर 2022 मध्ये अधिसूचना निघाली आणि 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घेणं बंधनकारक झालं. गाडी ताब्यात आली की डीलर तिचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालकच, ठरतो. तिची प्रत्येक फेरी इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत लिहायची असते: कशासाठी नेली, कोणी चालवली, किती किलोमीटर. चांगलाच नियम आहे, जुन्या गाड्यांचा गुन्ह्यांसाठी होणारा वापर त्याने रोखता येतो. पण गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली तरी नोंद लागते आणि तिचा अर्धा तळ सडलेला असला तरी लागत नाही, हे पटण्यासारखं नाही. बरं, मी अधिकारपत्र मागितलं तेव्हा डीलरने तेही दाखवलं नाही. जीएसटी परिषदेने डिसेंबर 2024 मध्ये जुन्या गाड्यांवरच्या डीलरच्या नफ्याला 18 टक्के कर ठरवला. कर घेताना हा व्यवसाय सरकारला नीट दिसतो, तर खरेदीदाराला सांभाळतानाही दिसायला हवा.

आणि पूर. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा टपापर्यंत बुडालेल्या गाड्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकरांनी तेच पाहिलं. विमा कंपनी अशा गाडीला पूर्ण नुकसान ठरवते, तिचा लिलाव होतो, कुणीतरी ती धुऊन-पुसून, वायरिंग बदलून पुन्हा उभी करतं. गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत कळवायचं असतं. पण पुन्हा चालू केलेली गाडी ‘निकामी’ राहत नाही, तिच्या आरसीवर पुराचं नाव येत नाही. एम-परिवहन ॲपवर मालक दिसतो, विमा दिसतो, पीयूसी दिसतं. गाडी किती दिवस चिखलात होती ते दिसत नाही. ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर टाकला की कुणालाही तिच्या वार्षिक तपासणीचा इतिहास विनामूल्य वाचता येतो आणि कोणत्या वर्षी कुठे गंज सापडला हेही त्यात असतं. सीटबेल्ट, सस्पेन्शन यांच्या जोडणीपासून 30 सेंटीमीटरच्या आत पत्रा सडून कमकुवत झाला असेल तर तिथे गाडी नापास होते. आपल्याकडे गाड्यांच्या नोंदणीचं ‘वाहन’ पोर्टल आहे, संगणक आहेत, फक्त हा रकाना नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे की डीलरने गाडी विकताना तिला लिफ्टवर घेऊन तळाचे फोटो काढावेत, तेही अंडरकोटिंग मारण्यापूर्वी. कुठे वेल्डिंग केलंय, कुठे लांबी भरलीय, कार्पेटखाली गाळ किंवा ओल आहे का, हे स्वतःच्या सहीने लिहून द्यावं आणि तो कागद नावावर करण्याच्या फाइलला जोडल्याशिवाय आरटीओने पुढे जाऊ नये. खोटं लिहिलं तर अधिकारपत्र जावं. पूर्ण नुकसानाचा विमादावा झालेल्या गाडीची नोंद वाहन पोर्टलवर यावी. यासाठी केंद्राचे नियम बदलावे लागतील, हे मला ठाऊक आहे. पण केंद्रातल्या रस्ते वाहतूक खात्याचे मंत्री नितीन गडकरी आपल्याच नागपूरचे आहेत, महाराष्ट्राने प्रस्ताव पाठवायला अडचण नसावी. अधिकारपत्राशिवाय चालणाऱ्या डीलरांची तपासणी तर आपण उद्याच लावू शकता, त्याला दिल्लीची गरज नाही.

ग्राहक संरक्षण कायदा आहे, दोन वर्षांत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. मी ती तक्रार करतेच आहे. पण तिथे माझे पैसे परत मिळाले, तरी गाडी रस्त्यावरून जाईलच असं नाही. डीलर ती परत घेईल आणि पुन्हा काळा थर मारून दुसऱ्याच्या गळ्यात मारेल. त्याला तळाची अवस्था लिहून द्यायला लावणारं कलम आज नाही, ते आपण आणावं.

लिफ्टवर काढलेले फोटो आणि गॅरेजचा लेखी अहवाल परिवहन आयुक्त कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. त्यावर काय कार्यवाही झाली, ते लेखी कळवावं.

कळावे,
आपली विश्वासू,
एक गाडीमालक, चिपळूण