राग मुलींवर का?

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला लग्न न जमणाऱ्या मुलांवरचा लेख वाचला. मुलींच्या अपेक्षा फार वाढल्या, असा त्याचा सूर होता. माझा मुलगा चौतीस वर्षांचा आहे, सहा एकर बागायत करतो आणि त्याचं लग्न जमत नाही. तरीही मला तो सूर पटला नाही.

आधी माझंच सांगते. लेकीचं लग्न ठरवताना बागायतदारांची तीन चांगली स्थळं मी परत पाठवली आणि पुण्यात कंपनीत असलेला मुलगा पाहिला. पहाटे पाचला चूल, दिवसभर शाळा, संध्याकाळी गोठा असं मी तीस वर्षं काढलं, ते तिच्या वाट्याला नको होतं. आता दुसऱ्या आईनं तिची लेक शेतात द्यावी, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

मुलाची सोयरीक 2023 मध्ये जमत आली होती. डिसेंबरात कांदा निर्यातबंदी झाली, भाव कोसळले आणि मुलीच्या मामांचा फोन आला की सध्या थांबू. मला त्यांचा राग आला नाही. ज्या धंद्यात एका आदेशानं वर्षाची कमाई जाते, त्यात पोरगी देताना कोणीही दहादा विचार करणारच.

दुसरं कारण मी वर्गात उभी राहून पाहिलं आहे. खिचडीला रांगा लावल्या की मुलांची रांग दाराबाहेर जायची, मुलींची मधेच संपायची. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या, बीडमध्ये 807. 2001 मध्ये राज्याचा आकडा 913 होता. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, तेही 1988 साली, आणि तरी ही गत! 2011 मध्ये मोजलेली ती मुलं आता कुठे लग्नाच्या वयाला येताहेत. टंचाई अजून वाढायची आहे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, तेव्हा याच कायद्याची कडक अंमलबजावणी करा, असं ते मागत होते. लोकांच्या लक्षात मात्र घोडेच राहिले.

लेखात म्हटलं आहे की लग्न झालेली माणसं जास्त सुखी असतात. लग्न झालेले पुरुष सरासरीनं जास्त जगतात, हे बऱ्याच देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. पण धडधाकट, कमावत्या माणसाचं लग्न मुळात लवकर जमतं, हेही त्यात आलंच. आणि मारझोडीच्या घरात नांदणाऱ्या बाईला कोणतं सुख? मला वाटतं खरा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे पुरुष मन मोकळं करतो ते फक्त बायकोजवळ. ती नसेल तर कुणाजवळच नाही. माझा मुलगा हल्ली मित्रांच्या मुलांच्या बारशाला, जावळाला जात नाही. भावकीच्या बैठकीत 'याला काय संसार आहे' म्हणून त्याचं बोलणं मधेच तोडतात. एका रात्री मोटार चालू करायला म्हणून विहिरीवर गेला, तो दोन तास आला नाही. मी डबा घेऊन गेले, तर अंधारात पाइपांच्या ढिगावर बसलेला. "काय रे?" म्हटलं, तर म्हणाला, "काही नाही आई, पाणी बघतोय." मोटार बंद होती.

अशा मुलांना गाठणारे एजंट गावोगाव फिरताहेत. शेजारच्या गावात एकानं दीड लाख मोजले. आठव्या दिवशी नवरी दागिन्यांसकट गेली. त्याच्या आईनं अंथरूण धरलं आहे.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. नवऱ्यानं आपल्या हातानं बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. हजारो शेतकऱ्यांनी ते केलं. आज आमच्या गावात किती सातबाऱ्यांवर बायकांची नावं आहेत, ते तलाठ्याकडे जाऊन बघावं. माझंही नाव नव्हतं, गेल्या वर्षी लागलं. शेतात राबायचं तिनं आणि कागदावर ती कोणीच नाही, अशा घरात मुलगी का येईल? मग तिच्या अपेक्षा वाढल्या म्हणून कशाला ओरडायचं?

मुलाचा बायोडेटा मी नव्यानं लिहिला आहे. मुलाच्या वाट्याच्या जमिनीवर मुलीचं नाव लावू. तिला नोकरी करायची असेल तर आमची ना नाही. मुलाला भाकरीसकट सगळा स्वयंपाक येतो. हे शेवटचं वाचून आमच्या जाऊबाईंनी नाक मुरडलं, पण ते खरं आहे, मीच शिकवलंय.

परवा बार्शीकडून फोन आला, मुलीनं स्वतः केलेला. बाथरूम घरात आहे का आणि एसटी गावात किती वाजता येते, हे तिनं विचारलं. मी फोन मुलाच्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. अर्धा तास झाला तरी तो बोलत होता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. मोहोळ, जि. सोलापूर