पेन्सिलीची फुली

मिरज,
रविवार

चि. अभिजित यास,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत तू आलास तेव्हा मी माझ्या मरणाचा आणि देहदानाचा विषय काढला आणि तू ताटावरून उठलास. "जेवताना कसलं अभद्र बोलतेस आई!" मोदक तसाच राहिला. नंतर तो मीच खाल्ला, टाकवेना. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून आता लिहिते.

बाबा शेवटचे 17 दिवस व्हेंटिलेटरवर होते. नळी उपसतील म्हणून त्यांची दोन्ही मनगटं गॉजपट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधलेली असायची. भेटीच्या वेळात मी आत गेले की उजव्या हाताची गाठ सैल करायचे. ते माझं बोट धरायचे. वेळ संपली की तीच गाठ मी परत आवळायचे. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. बाहेर डॉक्टरांनी विचारलं, "पुढे काय करायचं?" तू माझ्याकडे बघितलंस, मी ताईकडे. बाबांना काय हवं होतं ते तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, कारण आपण कधी विचारलंच नव्हतं. मग "सगळं करा" म्हणालो. तुझी चूक काढत नाहीये. दुसरं काय म्हणणार होतो?

तसं तुम्हाला माझ्या बाबतीत म्हणावं लागू नये म्हणून मी लिव्हिंग विल केलं आहे. घाबरू नकोस, मला मरायची घाई नाही. इंजेक्शन देऊन मारणं आपल्याकडे गुन्हाच आहे आणि मलाही ते नको. बरं होण्याची आशा संपली, मला बोलता-सांगता येईना, तर नुसतं यंत्रावर लांबवत ठेवू नका, एवढंच त्यात आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग तुला माहीत आहेत. 1973 ते 2015, 42 वर्षं बेशुद्धीसारख्या अवस्थेत, आणि तिथल्या नर्सनी त्यांना पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. त्यांच्या प्रकरणात 2011 साली सुप्रीम कोर्टानं या विषयाचं दार किलकिलं केलं. मग 9 मार्च 2018 ला असं इच्छापत्र आधीच लिहून ठेवण्याला मान्यता मिळाली. तेव्हा मॅजिस्ट्रेटसमोर जावं लागायचं, त्यामुळे कोण करतंय! जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. माझं काम तहसील कचेरीबाहेरच्या नोटरीकडे उरकलं. साक्षीला शेजारच्या वहिनी आणि भिशीतली मैत्रीण. परत येताना आम्ही भेळ खाल्ली.

त्यात तुझं आणि ताईचं, दोघांची नावं आहेत. वेळ आली तर कागद डॉक्टरांसमोर ठेवायचा. मग इलाज करणारे डॉक्टर धरून किमान तिघा डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, नंतर दुसरं मंडळ. दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत सांगायचं असतं. म्हणजे कुणा एकाच्या लहरीवर काही होत नाही आणि "मी आईला मारलं" असं तुझ्या मनात यायलाही जागा राहत नाही. औषधं थांबली तरी सेवा थांबत नाही हेही लक्षात ठेव. दुखणं असह्य झालं तर मॉर्फिन द्यायला सांग, व्यसन लागेल म्हणून डगमगू नकोस. या वयात व्यसन लागून लागून किती दिवस लागणार! कॅन्सरच निघाला तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, तिथे वेदना कमी करण्याचंच काम चालतं आणि पैसे घेत नाहीत.

आता तुला न आवडणारा भाग.

मी मिरजेच्या मेडिकल कॉलेजात देहदानाचा फॉर्म आणायला गेले होते. शरीररचनाशास्त्र विभागाच्या जिन्यातच फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरले. टेबलावरच्या माणसानं फॉर्म देण्याआधीच विचारलं, "आजी, मुलगा तयार आहे का?" मी म्हटलं, देह माझा आहे. तो हसला नाही. म्हणाला, "फॉर्म तुम्ही भरता. दान ते करतात."

31 वर्षं पोस्टात लोकांकडून फॉर्म भरून घेतले, तरी हे मला सुचलं नव्हतं. माझ्या सहीला मी असेपर्यंतच किंमत. नंतर तू "नाही" म्हणालास की तो कागद रद्दी. कॉलेजवाले तुझ्याशी भांडायला येणार नाहीत.

म्हणून ऐक. आधी डोळे. ते 6 तासांच्या आत घ्यावे लागतात. बाबांच्या वेळी मला आठवण झाली तेव्हा नववा तास चालू होता. पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा आणि नेत्रपेढीला फोन करायचा. माझा मोतीबिंदू काढलाय, साखर आहे, चष्मा तर जन्माचा, तरी चालतं. नेत्रदानानंतरही कॉलेज देह घेतं, मात्र डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला हवा. अपघात होऊन पोस्टमॉर्टेम झालं किंवा काविळीसारखा काही संसर्ग निघाला तर घेत नाहीत. तसं झालं तर हट्ट नको, विद्युतदाहिनी आहेच. मूत्रपिंड, यकृत वगैरे मेंदू मृत झाला आणि आपण दवाखान्यात असलो तरच देता येतं. घरी गेले तर तो प्रश्नच नाही. मी तर घरीच जाणार म्हणते.

आत्याबाई म्हणाल्या, "दधीचींनी हाडं दिली ते ऋषी होते, तू कोण?" मी म्हटलं, नानाजी देशमुख तर आपल्या हिंगोलीकडचे, तुम्ही त्यांना देव मानता. 2010 मध्ये त्यांचाही देह दिल्लीला एम्सला गेला. त्यावर गप्प झाल्या, पण जाताना दारातून, "मग अस्थी कसल्या बुडवणार गं?" तो प्रश्न खरा आहे. मला उत्तर नाही. दहावा करायचा असेल तर करा, माझी आडकाठी नाही. कावळा शिवायला वेळ लावला तर चहाचं नाव काढा, येईल.

तुला यातलं काही पटेलच असं नाही. तू म्हणालास, "आई, चिरफाड होणार तुझी." होणार. स्मशानात काय फुलं वाहतात का? डॉक्टर व्हायला आलेल्या कुणा पोरीचा हात पहिल्यांदा थरथरला तर तो माझ्यावर थरथरू दे, एखाद्या जित्या पेशंटवर नको. तरीही तुझं मन घेत नसेल तर आत्ता सांग. मला राग येणार नाही. थोडा येईल. पण तेव्हा, मी गेल्यावर, दारात गाडी उभी असताना तू आणि ताई माझ्यावरून भांडू नका.

कागद बिस्किटांच्या निळ्या डब्यात, पासबुकांच्या खाली आहेत. पोस्टात मी लोकांना सही कुठे करायची ते पेन्सिलीनं फुली मारून दाखवायचे, तुला आठवत असेल. या फॉर्मवर नातेवाइकांच्या सहीच्या दोन जागा आहेत. एकीवर ताईनं सही केली आणि फुली खोडून टाकली.

दुसरी अजून आहे.

तुझी,
आई