ऑडिटला सोपे म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या करिअर पुरवणीत सीए फायनलच्या पेपरांची अवघड-सोपे अशी उतरंड वाचली. फायनान्शियल रिपोर्टिंग (कंपन्यांचे हिशेब मांडण्याचा पेपर) सर्वांत वर आणि ऑडिट तळाला, का तर 'ती नुसती थिअरी, शेवटी शेवटी वाचली तरी चालते'. सीए फायनलचे सहा पेपर तीन-तीनच्या दोन ग्रुपांत असतात. आमच्याकडे आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) करणाऱ्या मुलांचे हे ग्रुप याच समजुतीपायी रखडताना पाहतो, म्हणून हे पत्र.

रिपोर्टिंगचा पसारा मोठा आहे, यात वाद नाही. इंड-एएस, म्हणजे हिशेबाची भारतीय मानके, पाठ करता करता जीव मेटाकुटीला येतो. पण तिथे वर्किंग नोट्स (उत्तरासोबत मांडलेली आकडेमोड) मुलांना तारतात. कन्सॉलिडेशनच्या (मुख्य आणि उपकंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याच्या) गणितात गुडविलचा आकडा चुकला, तरी रीत बरोबर असेल तर त्या पायरीचे गुण पदरात पडतात. ऑडिटमध्ये ती सोय फारशी नाही. समजा प्रश्न असा आहे: कंपनीचा व्यवसाय पुढे चालू राहील की नाही याबद्दल मोठी अनिश्चितता आहे आणि व्यवस्थापनाने ती हिशेबाच्या टिपांमध्ये नीट मांडलेली आहे, ऑडिटरने काय करावे? मुले बेधडक लिहितात, 'क्वालिफाइड ओपिनियन द्यावे', म्हणजे हिशेब काही अपवाद सोडून बरोबर आहेत असे मत द्यावे. एसए 570 हे ऑडिटचे मानक वेगळेच सांगते. माहिती नीट दिलेली असेल तर ओपिनियन अनमॉडिफाइडच (कोणताही अपवाद न नोंदवणारे) राहते, फक्त रिपोर्टमध्ये त्या अनिश्चिततेसाठी वेगळा भाग लिहावा लागतो. माहिती पुरेशी दिली नसेल, तेव्हा क्वालिफाइड किंवा त्याहून कडक, म्हणजे हिशेब चुकीचे आहेत असे सांगणारे, अ‍ॅडव्हर्स. 'नीट मांडलेली आहे' एवढे दोन-तीन शब्द नजरेतून सुटले की पुढचे पानभर लिखाण वाया. एथिक्सच्या प्रश्नातही तेच. गैरवर्तन झाले हे कुणीही ओळखेल, पण ते सीए कायद्याच्या कोणत्या परिशिष्टाच्या कोणत्या क्लॉजखाली येते हे लिहिल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

शंभरपैकी 30 गुण पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांचे असतात, त्यांत उणे गुण नाहीत. उरलेले 70 लिहून मिळवायचे, तेही इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठीचा पर्याय नाही. जत-आटपाडीकडून मराठी माध्यमात शिकून आलेला मुलगा कॉस्टिंगच्या गणितात शहरी मुलांना सहज मागे टाकतो, कारण आकड्यांना माध्यम नसते. ऑडिटच्या पेपरात मात्र त्याला सगळे येत असूनही ते कागदावर उतरवता येत नाही. (यात आम्हा सीए मंडळींचाही हात आहे. आर्टिकलला दोन वर्षे व्हाउचरवर तपासल्याच्या खुणा करायला बसवायचे, रिपोर्टचा मसुदा मात्र आपणच करायचा. मग त्याला ती भाषा येणार कुठून?)

दुसरे असे की, पेपर सुटे सुटे मोजून भागत नाही, पास व्हायचा असतो तो ग्रुप. प्रत्येक पेपरात 40 आणि तिन्ही मिळून 300 पैकी 150 लागतात. तिन्ही पेपरांत 48-48 मिळवणारा 144 वर अडकतो आणि एकाही विषयात नापास नसताना ग्रुप जातो. 40, 40 आणि 70 मिळवणारा सुटतो. म्हणून ज्याच्या त्याच्या हातात कोणता पेपर बेरीज वर खेचणारा आहे, त्यावर बाकीच्यांचे अवघडपण ठरते.

दुसऱ्या ग्रुपबद्दल थोडक्यात. पेपर सहा पुस्तक उघडून द्यायचा म्हणून सोपा, असे आपल्या लेखात आहे. चार तासांत सगळ्या विषयांची सरमिसळ असलेल्या केस सोडवताना पाने उलटत बसायला सवड कुणाला असते? आणि डायरेक्ट टॅक्सची जुन्या अटेम्प्टशी तुलनाच नको, 1961 चा कायदा जाऊन आता 2025 चा आला आहे.

या सगळ्या चर्चेत आकडा मात्र कुणाकडेच नसतो. परीक्षा घेणारी सीए इन्स्टिट्यूट निकालासोबत पहिला ग्रुप, दुसरा ग्रुप आणि दोन्ही ग्रुप अशी टक्केवारी देते, पेपरवार देत नाही. अमेरिकेत सीपीए या तिथल्या सीएसारख्या परीक्षेचे निकाल दर तिमाहीला विभागवार जाहीर होतात. 2024 साली तिथे फायनान्शियल अकाउंटिंगचा निकाल 40 टक्क्यांच्या आसपास होता, तर टॅक्स कम्प्लायन्सचा 70 च्या वर. अर्थात टॅक्सचा हा पेपर ऐच्छिक आहे आणि तो बहुधा टॅक्सवालेच घेतात, त्यामुळे त्या 70 वरून तो सोपा ठरत नाही. तरीही वाद घालायला काही आधार तरी मिळतो.

आपल्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याचे पेपरवार गुण इन्स्टिट्यूटच्या संगणकात असतातच. किती जण 40 च्या खाली कोणत्या पेपरात गेले आणि किती जण केवळ बेरजेत अडकले, एवढे दोन तक्ते निकालाबरोबर द्यायला काय हरकत आहे? रँकवाल्यांच्या मुलाखती आपण छापताच, पुढच्या निकालाच्या वेळी आपल्या वार्ताहराने इन्स्टिट्यूटकडे हे तक्तेही मागावेत, ही विनंती.

– एक सनदी लेखापाल, सांगली